हिरव्या चहाचा लेखी हुकूम

आमच्या आबांना हिरवा चहा मी लावला. हे पहिल्याच वाक्यात कबूल करून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला पकडायला नको. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला चारी बाजूंनी ऊस आहे आणि पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर तो वर्षभर बोलून दाखवतो. अशा ठिकाणी एका निवृत्त सुभेदाराला बिनदुधाचा, बिनसाखरेचा, फिक्कट हिरवा चहा प्यायला लावणं सोपं नव्हतं. पण मी ते केलं, आणि लेखी केलं.

मी सांगलीत एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी. केल्यामुळं नावाआधी डॉक्टर लागतं आणि हा डॉक्टर वेगळा, तो डॉक्टर वेगळा, हे गावात कुणाला पटत नाही. सुट्टीला गेले की ओसरीवर कुणी गुडघा दाखवतं, कुणी रिपोर्टांची पिशवी उपडी करतं. एकदा तर एक चुलते म्हैस आटली म्हणून मला गोठ्यापर्यंत घेऊन गेले. सुरुवातीला मी सगळ्यांना समजावून सांगायची की बाबांनो, मी त्यातली डॉक्टर नव्हे. आबांना ते अजिबात आवडायचं नाही.

"सांगायची काय गरज हाय?" ते म्हणायचे. "डाक्टर ती डाक्टर."

तीन वर्षांपूर्वी त्यांची रक्तातली साखर काठावर आली, तेव्हा मी एक तक्ता करून दिला. सकाळी साडेपाचला चालणे. सहाला ग्रीन टी, एक मग. अकराला आणखी एक. जेवणानंतर आवळ्याचा रस. दुपारी चारला पुन्हा ग्रीन टी. असं रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं वेळेसकट. खाली गंमत म्हणून 'हुकुमावरून' असं लिहून मी झोकदार सही ठोकली. आबांनी तो कागद दोन्ही हातांत धरून वाचला, दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन लॅमिनेट करून आणला आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून टांगला. पलटणीतला माणूस. तोंडी सांगितलेलं ते सूचना समजतात, सही केलेला कागद म्हणजे हुकूम, आणि हुकूम दुसरा हुकूम येईपर्यंत चालू.

आईनं त्या चहाला पहिल्या दिवशी 'गवताचं पाणी' हे नाव ठेवलं ते कायमचं. "आवं, तुमचं गवताचं पाणी झालं," अशी हाक गल्लीपर्यंत ऐकू यायची. आबा पलटणीतला जुना स्टीलचा मग घेऊन यायचे, उभ्यानंच तो चहा संपवायचे आणि मग धुऊन पालथा घालायचे. आवडतो का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आवडायचा काय संबंध?" चहाची खोकी त्यांचे पलटणीतले एक दोस्त पुरवायचे. हे काका माधवनगरला राहतात, महिन्याला फौजी कँटीनला जातात आणि स्वतःचं सामान घेताना आबांसाठी दोन खोकी उचलतात. असं सगळं शिस्तीत चाललं होतं.

आता माझ्या विषयाबद्दल थोडं सांगावं लागेल. घाबरू नका, परीक्षा नाही.

माझा विषय म्हणजे पेशीतली मोडतोड. आपल्याला वाटतं शरीर सतत काहीतरी घडवत असतं, आणि ते खरंही आहे. पण जेवढं घडवतं तेवढंच ते मोडतही असतं. पेशीतलं प्रथिन जुनं झालं, वाकडं घडलं किंवा त्याचं काम संपलं, की त्यावर एक छोटासा शिक्का बसतो. तो शिक्काही प्रथिनाचाच असतो, युबिक्विटिन नावाचा. एकापाठोपाठ एक असे शिक्के लागले, की ते प्रथिन पेशीतल्या एका पोकळ नळकांड्यात ओढलं जातं. त्याला प्रोटिअसोम म्हणतात. आत त्याचे बारीक तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून पेशी पुन्हा नवं काहीतरी घडवते. काही प्रथिनं मिनिटांत मोडीत निघतात, काही वर्षानुवर्षं टिकतात. मेंदूच्या पेशीत ही मोडणी अडली, कचरा साचला, तर हात थरथरायला लागतात किंवा माणसं विसरायला लागतात, असं आता मानतात. उलट ती जरा जास्तच जोरात चालली तर अंगावरचं मांस झडतं. वीस वर्षं मी हे शिकवते आहे आणि वीस वर्षं मुलं परीक्षेत शिक्का लिहायला विसरतात. 'प्रथिन प्रोटिअसोममध्ये जाते व मोडते' एवढंच लिहितात. शिक्क्याशिवाय गेलं कसं, हो? मी अर्धा गुण कापते. त्या अर्ध्या गुणासाठी कॉलेजात माझी जरा ख्याती आहे.

गेल्या वर्षी आबांची पाठ दुखायला लागली. उसाला पाणी पाजताना खोऱ्यानं पाण्याचा दांड फोडला, तेव्हा लचक भरली असेल, असं सगळ्यांनी धरलं. लेप झाले, शेक झाला, गावातल्या एकानं पाय लावून पाठ तुडवलीसुद्धा. दुखणं काही हटेना. मग रक्त कमी निघालं, मग मूत्रपिंडाचा एक आकडा वर गेला, आणि सांगलीच्या एका इस्पितळात कमरेच्या हाडातून सुई घालून बोनमॅरो काढला तेव्हा कळलं. मल्टिपल मायलोमा. रक्ताचा कॅन्सर, हाडाच्या आतल्या मगजात बसलेला.

डॉक्टरांनी मला आलेख दाखवला. रक्तातली प्रथिनं पसरून दाखवणारी रेघ असते, ती एरवी टेकड्यांसारखी चढते उतरते. आबांच्या रेघेत शेवटी एकच सरळसोट सुळका होता. शरीरातल्या एका जातीच्या पेशी वेड लागल्यासारख्या वाढल्या होत्या आणि एकच एक निरुपयोगी प्रथिन बनवत सुटल्या होत्या. उपचारात मुख्य होतं ते आठवड्याला एक इंजेक्शन. डॉक्टर सांगायला लागले, "हे औषध पेशीतल्या प्रोटिअसोमला..." आणि मी म्हणाले, "हो, माहीत आहे." ते हसले आणि थांबले. त्यांना मी तेव्हा बोलू द्यायला हवं होतं.

आबांना समजावायचं काम माझ्याकडं आलं. ते घरी खाटेवर बसले होते, आई शेंगा फोडत होती.

"आबा, आपल्या भावकीच्या गुऱ्हाळात चरकामागं चिपाडं ओढायला एक गडी असायचा, आठवतंय?"

"व्हय."

"तो एखाद्या दिवशी आलाच न्हाई तर?"

"तर काय? चिपाडं तुंबत्यात. दहा मिंटात चरक बंद."

"ह्या ज्या वाईट पेशी हायत, त्यांचा चरक लय जोरात चाललाय. चिपाडंबी लय पडत्यात. ह्या इंजेक्शननं त्यो चिपाडं ओढणारा गडी बांधून ठेवायचा. मग त्या आपल्याच कचऱ्यात गुदमरून मरत्यात."

आबांनी थोडा विचार केला. "आन चांगल्या पेशींचं काय? त्यांचाबी गडी बांधला जाणार की."

वीस वर्षांत हा प्रश्न मला वर्गात फार थोड्या मुलांनी विचारलाय. मी सांगितलं, त्यांना थोडा त्रास होणारच, पायाला मुंग्या येतील, थकवा येईल. पण त्यांचा चरक हळू चालतो, तेवढ्यानं त्या मरत नाहीत. शिवाय रोजची एक कॅप्सूल होती, तिची तऱ्हा उलटी. ती त्या पेशींना जगायला लागणाऱ्या प्रथिनांवरच मोडीचा शिक्का मारायला लावते. म्हणजे एक औषध मोडणी बंद पाडणार आणि दुसरं भलत्याचीच मोडणी करवणार.

"दोन्हीकडनं घेरायचं," आबा म्हणाले. "ठीक हाय. किती दिवसांची ड्यूटी?"

ड्यूटी दर गुरुवारी लागली. एस.टी.नं सांगलीला यायचं, स्टँडवर माधवनगरचे काका स्कूटर घेऊन उभे, तिथून इस्पितळ, पोटाच्या कातडीत इंजेक्शन, मग काकांच्या घरी जेवण आणि दुपारची एस.टी. माझे गुरुवारी सलग तास असल्यामुळं दोघांनीच हे ठरवून टाकलं होतं. दोन्ही म्हातारे त्या दिवशी कडक इस्त्रीचे शर्ट घालायचे. इंजेक्शनच्या दिवशी स्टेरॉइडच्या काही गोळ्याही असत, त्यांनी आबांना इतका जोर चढायचा की घरी परतल्यावर ते पितळेची सगळी भांडी चिंचेनं घासून काढायचे. आई म्हणायची, "ह्या गोळ्या लगीन झालं तवाच द्यायला पायजे हुत्या."

पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी आबा माझ्याकडं मुक्कामाला आले होते. संध्याकाळची वेळ. मी टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते आणि ते समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. इस्पितळानं दिलेली फाइल माझ्या कोपराशी होती. तिच्यात माहितीपत्रक होतं, इंग्रजीत, चार पानी. मी ते वरवर चाळलं होतं. माझाच विषय, त्यात मला काय नवं सांगणार?

"काय गं," आबा म्हणाले, "आपल्या तक्त्यात काय बदल करायचा का आता?"

"काही नको आबा. आहे तेच चालू ठेवा."

"म्हंजे जैसे थे."

"हं, जैसे थे."

तेव्हा मी लाल पेनानं कुणाचा तरी अर्धा गुण कापत होते. त्यानं शिक्का लिहिला नव्हता.

दोन महिने गेले. आबांनी एक गुरुवार चुकवला नाही, एक कॅप्सूल चुकवली नाही. पायाला मुंग्या आल्या, त्यांनी सांगितलं नाही, आईनं सांगितलं. रक्त तपासायची वेळ आली तेव्हा मी मनातल्या मनात सुळका निम्म्यावर आणून ठेवला होता. रिपोर्ट आला. सुळका होता तिथंच होता. जरासा हलला होता, इतकंच.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काहींना वेळ लागतो. अजून एक महिना बघू. नाहीच उतरलं तर औषध बदलावं लागेल. पण वय, किडनी, सगळं बघता पुढचा पर्याय त्यांना जड जाईल." मी घाबरले. साधं सरळ घाबरले, विषय शिकवणारी बाई म्हणून नाही, मुलगी म्हणून. पुढच्या गुरुवारी मी सगळे तास दुसऱ्यांच्या गळ्यात घातले आणि आबांबरोबर स्वतः इस्पितळात गेले.

वॉर्डात ओळीनं आरामखुर्च्या होत्या. आबांनी आपली ठरलेली खुर्ची घेतली, पिशवी मांडीवर ठेवली, त्यातून थर्मास आणि तो स्टीलचा मग काढला. अकराच्या ठोक्याला टोपण फिरवलं. फिक्कट हिरवी धार मगात पडली.

"आजोबा, परत तेच?" इंजेक्शनचा ट्रे घेऊन आलेल्या सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तुम्ही ह्यांच्या कोण?"

"मुलगी."

"हे सारखं डॉक्टर लेक म्हणतात, त्या तुम्हीच का? मॅडम, पहिल्याच दिवशी मी ह्यांना सांगितलं होतं, ह्या औषधावर ग्रीन टी चालत नाही, व्हिटॅमिन सी नको, आवळ्याचा रस नको. कागदात पण लिहिलंय. तर म्हणाले, माझी लेक डॉक्टर आहे, ह्याच विषयातली, तिनं लिहून दिलंय. दुसऱ्या वेळी परत सांगितलं, तर म्हणाले, तिला विचारलंय, तिनं सांगितलंय चालू ठेवा."

मी काय केलं सांगू? मी त्या बाईवर डाफरले. मला फोन का नाही केला, नंबर फाइलवर आहे की नाही, तुमची काही जबाबदारी आहे की नाही, असं बरंच काही बोलले. शेजारच्या खुर्चीतल्या बाई डोळे उघडून बघायला लागल्या.  सिस्टरांनी फाइल उघडली, तिसरं पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. चौकट होती, ठळक अक्षरात. आणि शेवटच्या पानावर 'वरील सर्व माहिती वाचली व समजली' ह्याच्याखाली माझी सही होती. तीच झोकदार.

खरं म्हणजे मला चौकटीची गरजच नव्हती. त्या औषधाच्या रेणूत बोरॉनचा एक अणू असतो, प्रोटिअसोमच्या कात्रीत तोच जाऊन अडकतो. हिरव्या चहातला एक घटक नेमका त्या बोरॉनलाच मिठी मारतो, मग कात्री मोकळी राहते. परीक्षानळीत हे दिसलंय, उंदरांत दिसलंय. हे मला माहीत होतं. वर्गात एकदा सांगितलंसुद्धा होतं, मजेची गोष्ट म्हणून, मुलं हसली होती. पण वर्गातला चहा आणि आबांच्या मगातला चहा एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी सिस्टरांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे मॅडम, होतं असं." तेवढ्यात आबा उठले, खिडकीतल्या कुंडीपाशी गेले आणि मगातला चहा, मग थर्मासातला चहा, सगळा त्या बिचाऱ्या झाडाला घातला. परत येऊन बसले आणि इंजेक्शनसाठी शर्ट वर केला. तेवढा वेळ मी कुंडीकडं बघत राहिले.

बाहेर काका स्कूटर लावून उभे होते. त्यांना सांगितलं तर ते डोक्याला हात लावून फुटपाथच्या कडेलाच बसले. "आरं गड्या," ते आबांना म्हणाले, "म्हंजे ह्या दोन म्हयन्यांत चार-पाच खोकी मीच आणली की रं. मीच दारूगोळा पुरवला शत्रूला." आणि दोघं चक्क हसायला लागले. मला हसू येईना. मी तिथंच, रिक्षांच्या गर्दीत, ओढणी तोंडाला लावून रडले.

"रडतीस कशाला?" आबा म्हणाले. "गोळी लागली न्हाई. चाटून गेली."

"आबा, सिस्टरनी दोनदा सांगितलं हुतं. ऐकायचं न्हाई व्हय?"

"त्या सांगत हुत्या तोंडी," आबा म्हणाले. "तुजं लेखी हुतं. आन मी तुला विचारलं की. तू म्हणालीस जैसे थे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. घडलं ते घडलं त्या क्रमानं सांगितलं, एवढंच. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्याच रविवारी गावी गेले आणि आधी तक्ता खिळ्यावरून काढला. फाडायला लागले तर आबा म्हणाले, "तसं न्हाई. हुकूम रद्द करायचा तर त्याच्यावर लिहून रद्द करायचा. सही, तारीख." मी पेन घेतलं. लॅमिनेशनवर पेन चालेना. मार्कर आणला, त्याची शाई बोटानं पुसली जायला लागली. आई चुलीपुढून हे बघत होती. तिनं माझ्या हातातून तक्ता घेतला, विळीवर धरला, कडेनं प्लॅस्टिक चिरलं आणि आतला कागद काढून दिला. मी आडवं 'रद्द' लिहिलं, सही केली. सही काही झोकदार आली नाही. आबांनी कागद वाचला, घडी घातली आणि आपल्या ट्रंकेत ठेवून दिला. उरलेली खोकी आईनं परसातल्या कढीपत्त्याच्या बुडात रिकामी केली. तो कढीपत्ता आता इतका माजलाय की शेजारणी मागून नेतात.

त्यानंतरचा महिना माझा काही चांगला गेला नाही. वर्गात प्रोटिअसोम शिकवायची वेळ आली तर मी तो धडा पुढं ढकलायची. गुरुवारी सकाळी सहाला मी घरी फोन करायची आणि विचारायची, "मगात काय हाय?" आई म्हणायची, "कोमट पाणी हाय गं बाई, येऊन बघतीस का?" मी म्हणजे त्या दिवसांत घरातली फौजदारीण झाले होते.

रिपोर्ट मी एकटीनं आणला आणि इस्पितळाच्या पायरीवर बसून उघडला. सुळका खाली आला होता. नाहीसा झाला नव्हता, पण निम्म्याहून खाली, बोथट. शेजारच्या टेकड्यांत जवळजवळ मिसळेल असा. मी पुन्हा पुन्हा बघितलं, नाव आबांचंच आहे ना ते बघितलं, आणि मग डॉक्टरांकडं गेले.

"सगळं चहावर ढकलू नका," डॉक्टर म्हणाले. "माणसाच्या शरीरात तो चहा किती आड येतो, हे नेमकं कुणालाच सांगता येत नाही. कदाचित ह्यांना तसाही वेळच लागणार होता." बरोबर आहे. एका पेशंटवरून निष्कर्ष काढू नये, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन काकांना फोन केला, आणि ते फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडले की मला तो कानापासून लांब धरावा लागला.

आबांना नवा तक्ता पाहिजे होता. मी म्हटलं, इस्पितळाचा कागद आहे, त्याप्रमाणं करा, मला ह्यात घालू नका. ते ऐकेनात. "त्यांचा कागद हाय ते ठीक हाय," म्हणाले, "पर सही तुजी पायजे." जिच्या सहीनं घोळ केला तिचीच सही परत कशाला, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी नुसता कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

मग मी केला तक्ता. मराठीत, मोठ्या अक्षरात, डॉक्टरांना दाखवून. काय खायचं, काय नाही, पायाला मुंग्या वाढल्या तर कुणाला सांगायचं. शेवटचं कलम घातलं : 'शंका आल्यास मला विचारावे.' आणि सही केली. आबांनी तो लॅमिनेशनला न्यायच्या आधी खाली दोन बोटं जागा सोडायला लावली होती. कशाला, ते सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा तक्ता खिळ्यावर लागला होता. माझ्या सहीखाली त्यांच्या वळणदार, पलटणी अक्षरात एक ओळ होती : 'विचारल्यावर उत्तर देणाऱ्याने लाल पेन खाली ठेवावे. हुकुमावरून.' आणि हुद्द्यासकट सही.

परवा बुधवारी ते मुक्कामाला आले होते. संध्याकाळी मी नेहमीसारखी पेपर घेऊन बसले होते. समोरच्या खुर्चीतून आवाज आला, "काय गं, एक विचारू का?"

मी पेनला टोपण लावलं, ते खाली ठेवलं आणि त्यांच्याकडं बघितलं. शर्टाची कॉलर मानेला दोन बोटं सैल झाली होती. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढं, खिळ्यानं पाडलेल्या नव्या भोकात अडकवला होता. हे कधी झालं, मला माहीत नव्हतं.

"विचारा आबा. काय?"

"काय न्हाई," आबा म्हणाले. "पेन ठेवतीस का बघत हुतो."